खोट्या माशाचा खरा कारागीर

मी मेकॅनिकलवाला. 'डिझाईन' म्हटलं की मला आधी कॉम्प्युटर आठवतो. पण फिनलंडच्या लाउरी रापालाचं डिझाईन चाकू आणि पॉलिश पेपरवर झालं!

जन्म १९०५ चा. धंदा मासेमारीचा, पदरी बायकामुलं. मासा नाही मिळाला तर चूल थंड. पाइयान्ने तलावात होडीवरून तो बघत राही. मोठा मासा अख्खा थवा सोडून नेमका लटपटणाऱ्या जखमी माशावरच झडप घालतो. मग खोटा मासाही तसाच लटपटला तर? १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. पुढे हलकं बाल्सा लाकूड आलं.

तोंडाखालची पट्टी पाणी अडवते, म्हणून ओढल्यावर तो बुडतो आणि डुलतो. उजवीकडे पळाला तर दोरीची कडी किंचित डावीकडे वाकवायची. थोडं ओढा, थांबा, वर येऊ द्या. बास मासा पुष्कळदा त्या थांबण्यातच फसतो.

१९६२ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मेरिलिन मन्रोच्या अंकात त्याच्यावर लेख आला आणि अमेरिकेतून मागणीचा पूर लोटला. तरीही प्रत्येक नग पाण्यात ओढून बघितल्यावरच बाहेर जाई. १९७४ साली लाउरी गेला.

मित्रांनो, आपण प्रोजेक्ट रंगवून सबमिट करतो. तो आधी पाण्यात टाकून बघायचा. मला वाटतं, खरं इंजिनिअरिंग तेच.