दाबातून पेटलेली आग : रुडॉल्फ डिझेल यांची जीवनकथा



पेट्रोल पंपावर डिझेल हा शब्द आपण रोज वाचतो. मुलांना तो तेलाचा एक प्रकार वाटतो. ते एका माणसाचं आडनाव आहे असं वर्गात सांगितलं की मुलं कान टवकारतात. आमचं चिकलठाणा तर एमआयडीसीचं गाव. इथे कितीतरी मुलांचे वडील कंपनीत नाहीतर गॅरेजमध्ये कामाला आहेत. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की गाडीचा पिकअप वाढतो, हे मुलांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पण तो का वाढतो? हे समजून घ्यायला डिझेल यांचं चरित्र फार उपयोगी पडतं.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, घरची परिस्थिती बेताची होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. १२ वर्षांच्या रुडॉल्फला शिकण्यासाठी जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ज्यांच्या घरी तो राहिला, ते गणिताचे शिक्षक होते. तिथे त्याला अभ्यासाची गोडी लागली आणि १४ व्या वर्षीच त्याने इंजिनिअर व्हायचं ठरवलं.

पालकहो, इथे जरा थांबून विचार करा. रुडॉल्फने आता शिक्षण थांबवून कमवायला लागावं, असं आईवडिलांना वाटत होतं. पण तो वर्गात पहिला आला होता, त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या तंत्रशाळेत दाखल झाला. तिथे कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक शिकवत. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण दहावा भागच कामी येतो, बाकी सगळी वाया जाते, हे त्यांच्या तासाला कळलं. ही उधळपट्टी कशी थांबवायची, हा प्रश्न रुडॉल्फच्या डोक्यात जो शिरला तो कायमचा.

आता थोडं विज्ञान पाहू. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि आठ-दहा वेळा जोरात हवा मारा. पंपाचं खालचं टोक गरम लागेल. हवा दाबली की तापते. इंजिनातही पिस्टन हवा दाबतो. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये १०० भाग जागा असेल आणि वर आल्यावर १० भाग उरत असेल, तर कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे संपीडन गुणोत्तर, १० ला १ झालं. गुणोत्तर जितकं जास्त, तितका जळलेला वायू जास्त पसरतो आणि तेवढ्याच इंधनात जास्त काम मिळतं. पिकअप वाढण्याचं कारण हेच.

मग ते हवं तेवढं का वाढवत नाहीत? कारण पेट्रोल इंजिनात हवेबरोबर पेट्रोलही दाबलं जातं. दाब फार झाला की ते मिश्रण नको त्या वेळी आपोआप पेटतं, इंजिन टकटक वाजतं आणि पिस्टन खराब होतो. डिझेल यांनी इथेच वेगळी वाट काढली. आधी फक्त हवाच दाबायची, ती इतकी तापवायची की शेवटी आत सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल. म्हणूनच डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही.

कल्पना सुंदर होती, पण लोखंडाने ती लगेच मान्य केली नाही. १८९३ मध्ये पेटंट मिळालं. सुरुवातीच्या हिशोबात त्यांनी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २५० पट दाब धरला होता. तो प्रत्यक्षात शक्यच नव्हता. त्याच वर्षी १० ऑगस्टला ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. दाब सुमारे ८० पटींवर गेला, दाब मोजणारं उपकरण फुटलं आणि डिझेल थोडक्यात बचावले. त्यांनी दाब कमी केला, रचना बदलली, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या जोरावर जेमतेम मिनिटभर चाललं. अखेर १८९७ च्या चाचणीत इंधनाच्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून जास्त भाग कामी आला. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक!

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. वीज नव्हती तेव्हा आपल्या कितीतरी विहिरींवर अशा इंजिनांनीच पाणी उपसलं. आजी-आजोबांना विचारा, त्यांना तो आवाज अजून आठवत असेल.

डिझेल यांचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. पैसा आला तसा गेलाही आणि कर्ज फार झालं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ते इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला. नेमकं काय घडलं, यावर आजही एकमत नाही.

या चरित्रातून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. दाबाने शक्ती वाढते हे खरं, पण सोसेल तेवढाच दाब कामाचा. २५० चा हट्ट धरला असता तर ते इंजिन कधीच चाललं नसतं. मुलांच्या अभ्यासाचंही तसंच आहे ना? आणि दुसरी गोष्ट, दहावी झाली की पोराला कामाला लावू असं ठरवण्याआधी त्याच्या डोक्यात कुठला प्रश्न घोळतोय, ते एकदा विचारून पाहा. गॅरेजमध्ये हात तयार होतो, त्याला शिक्षणाची जोड मिळाली तर तोच हात नवं इंजिन घडवू शकतो.

उपक्रम : सायकलचा पंप वर्गात आणा. प्रत्येक मुलाला तो गरम झालेला अनुभवू द्या. मग विचारा, ही उष्णता आली कुठून? उत्तर लगेच सांगू नका. दोन दिवस मुलांना विचार करू द्या.