गोल करवत, नदीखालचा बोगदा आणि एक ढाल: मार्क ब्रुनेलची गोष्ट

मागच्या दिवाळीला बोनस आला आणि मी बॅटरीवर चालणारी गोल करवत घेतली, म्हणजे कॉर्डलेस सर्क्युलर सॉ. वर्क फ्रॉम होमसाठी टेबल स्वतःच बनवायचं असं डोक्यात होतं. एका रीलमध्ये बघितलं की ब्लेडखालचं स्प्रिंगचं झाकण, म्हणजे लोअर गार्ड, लाकडाची पाचर मारून वर अडकवलं की ब्लेड नीट दिसतं आणि काम पटापट होतं. मीही तेच केलं. फळी कापली, बटण सोडलं आणि करवत फरशीवर टेकवली. पण ब्लेड अजून फिरत होतं. दात फरशीला लागले आणि करवत सरळ माझ्या पायावर धावून आली. चपलेचं टोक कापलं गेलं. अंगठा वाचला तो निव्वळ नशिबाने.

त्यानंतर मी गार्ड या गोष्टीवर बरंच वाचलं. ते वाचताना एक माणूस भेटला, ज्याने आयुष्याचा अर्धा भाग लाकूड कापणाऱ्या मशीन बनवल्या आणि अर्धा भाग एक भलीमोठी ढाल. त्याचं नाव मार्क इसाम्बार्ड ब्रुनेल. इंजिनिअरिंगला आपण ज्याचं नाव ऐकतो तो इसाम्बार्ड किंगडम ब्रुनेल हा याचा मुलगा.

पळून आलेला तरुण

मार्कचा जन्म १७६९ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, शेतकरी घरात झाला. मुलाने धर्मगुरू व्हावं असं वडिलांना वाटत होतं, पण याचं लक्ष चित्रं, गणित आणि सुतारकामात. शेवटी तो नौदलात गेला. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. हा पडला राजाच्या बाजूचा, त्यामुळे जीव वाचवण्यासाठी १७९३ मध्ये त्याला अमेरिकेला पळावं लागलं. जाण्याआधी त्याची ओळख सोफिया किंगडम या इंग्लिश मुलीशी झाली होती. ती मात्र फ्रान्समध्येच अडकली आणि काही काळ कैदेतही होती.

इकडे मार्क न्यूयॉर्क शहराचा मुख्य इंजिनिअर झाला. चांगली नोकरी होती, पण १७९९ मध्ये तो इंग्लंडला आला. डोक्यात दोन गोष्टी होत्या: सोफिया आणि एका मशीनची कल्पना. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

कप्प्यांचा कारखाना

त्या काळातल्या जहाजांची शिडं दोर आणि कप्प्यांवर चालायची. ब्रिटिश नौदलाला वर्षाला लाखभर लाकडी कप्प्या लागत आणि त्या कुशल कारागीर हाताने घडवत. ब्रुनेलने हे काम वेगवेगळ्या मशीनमध्ये वाटून टाकलं. पहिली मशीन ओंडक्याचे तुकडे करणार, पुढची भोक पाडणार, त्यापुढची आकार देणार. हेन्री मॉडस्ली या कसलेल्या कारागिराने ती मशीन धातूत उतरवली. पोर्ट्समथच्या गोदीत हा कारखाना उभा राहिला. ११० कारागिरांचं काम आता साधी १० माणसं करू लागली.

या कारखान्यात ओंडके कापायला गोल करवतीही होत्या. गोल करवतीचा शोध ब्रुनेलचा नाही, ती आधीपासून होती. त्याने तिला साच्यात, मापात बसवलं. पुढे लंडनजवळ बॅटरसीला त्याने स्वतःची लाकूड गिरणी काढली. फर्निचरवर चिकटवायचे पातळ पापुद्रे कापायला तिथे १८ फूट व्यासाचं चाक होतं, ज्याच्या कडेला करवतीचे दात बसवलेले. म्हणजे दोन मजली घराएवढी करवत!

आग, बूट आणि तुरुंग

पण पैशाच्या हिशेबात हा माणूस कच्चा होता. १८१४ मध्ये गिरणी जळाली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे सडलेले पाय बघून त्याने बूट बनवायच्या मशीन तयार केल्या आणि त्यावर जखमी, अपंग सैनिकांनाच काम दिलं. पण १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली, युद्ध संपलं आणि बुटांची मागणीही संपली. गोदामात माल पडून राहिला. १८२१ मध्ये कर्ज न फेडल्याबद्दल त्याला तुरुंगात जावं लागलं. सोफिया त्याच्यासोबत तिथे राहिली. रशियाचा झार त्याला बोलावतोय हे कळल्यावर सरकारने ५,००० पौंड देऊन त्याची सुटका केली.

किड्याने शिकवलेली युक्ती

आता माझा आवडता भाग. असं सांगतात की गोदीत काम करताना ब्रुनेलने जहाजाचं लाकूड पोखरणारा एक किडा नीट बघितला. खरं तर तो शिंपल्यांच्या जातीतला जीव. त्याच्या डोक्यावर दोन कठीण कवचं असतात. त्यांनी तो लाकूड किसत पुढे जातो आणि मागच्या बिळाला आतून चुन्यासारखा थर देत जातो. म्हणजे कापणं आणि स्वतःला वाचवणं, दोन्ही एकाच वेळी.

यातून त्याची ढाल, म्हणजे टनेलिंग शील्ड तयार झाली. थेम्स नदीखालून बोगदा काढायचा होता. लोखंडाच्या १२ उभ्या चौकटी शेजारी शेजारी, प्रत्येकीत एकावर एक तीन खण. असे ३६ खण आणि प्रत्येकात एक कामगार. समोरची माती आडव्या फळ्यांनी दाबून धरलेली. कामगाराने एकच फळी काढायची, तिच्यामागची काही इंच माती खणायची, फळी पुढे सरकवून पुन्हा घट्ट बसवायची आणि मगच दुसऱ्या फळीला हात लावायचा. अख्खी भिंत एकदम उघडी करायचीच नाही. मागे गवंडी लगेच विटांचं बांधकाम करत येणार.

इथे माझी ट्यूब पेटली. करवतीचा लोअर गार्डही हेच करतो. लाकडात शिरताना तो लागेल तेवढाच मागे सरकतो आणि काप संपला की स्वतःहून ब्लेड झाकतो.

ढाल असूनही

काम १८२५ मध्ये सुरू झालं. कंपनीला पैशाची घाई, म्हणून अर्धवट बोगदा बघायला लोकांना एक शिलिंग तिकीट लावून आत सोडायला लागले. ब्रुनेलला त्यांचीच काळजी. नदीचा तळ काही ठिकाणी वाटला होता त्यापेक्षा कमकुवत निघाला. मे १८२७ मध्ये पाणी आत घुसलं. १२ जानेवारी १८२८ ला पुन्हा घुसलं आणि सहा कामगार गेले. त्याचा मुलगा इसाम्बार्डही तेव्हा आत होता, तो जखमी होऊन थोडक्यात वाचला. बोगदा सात वर्षं बंद पडला.

ढाल म्हणजे जादू नाही. ती जवळचा धोका अडवते, पण समोर काय आहे ते आपणच तपासायचं असतं.

सरकारी कर्ज मिळाल्यावर नवी, जास्त मजबूत ढाल बसवून काम पुन्हा सुरू झालं. १८४१ मध्ये ब्रुनेलला सर हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला, पण २५ मार्च १८४३ ला बोगदा उघडला तेव्हा तो हजर होता. डिसेंबर १८४९ मध्ये तो गेला. त्या बोगद्यातून आजही लंडनच्या लोकल धावतात. आणि मिठी नदीखालून जाणारी आपली मुंबईची मेट्रो ३ ज्या टनेल बोरिंग मशीनने खणली, तीही याच ढालीची वंशज.

आता तुमच्या हातातली करवत

ब्रुनेलकडून मी घेतलेले नियम असे:

- गार्डला पाचर, तार, टेप काहीही लावू नका. काम सुरू करण्याआधी तो हाताने मागे ओढून सोडा. झटकन बंद झाला नाही तर करवत वापरू नका. हे तपासताना बॅटरी बाहेर.
- ब्लेड बदलताना, खोली सेट करताना बॅटरी काढाच. वायर नसल्यामुळे मशीन बंद आहे असं वाटतं, पण बॅटरी आत आहे म्हणजे ती चालूच समजा.
- ब्लेड फळीच्या खाली जेमतेम चार-पाच मिलिमीटर निघेल एवढंच ठेवा. जास्त उघडं ब्लेड म्हणजे जास्त धोका.
- लाकडात खिळा, स्क्रू, गाठ आहे का ते आधी बघा.
- दोन टेकूंच्या मधोमध कापू नका. फळी वाकते, काप मिटतो, ब्लेड अडकतं आणि करवत उसळून मागे येते. यालाच किकबॅक म्हणतात. फळी क्लॅम्पने धरा, कापला जाणारा तुकडा मोकळा सुटू द्या आणि करवतीच्या अगदी मागे उभे राहू नका.
- दोन्ही हात करवतीवर, डोळ्यांवर चष्मा, अंगात सैल कपडे नकोत.
- ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय करवत खाली ठेवू नका. हा नियम माझ्या चपलेने शिकवला.

माझं टेबल झालं. एक पाय किंचित आखूड आहे, खाली पुठ्ठा लावलाय. पाचर मात्र त्याच दिवशी कचऱ्यात गेली.