डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

चैत्रात आपल्या बालाघाटच्या जंगलात मोहफुलांचा सडा पडतो. ही गोड फुले ओली राहिली की आंबू लागतात. हे काम डोळ्यांना न दिसणारे जंगली यीस्ट करते. यीस्ट ही एक प्रकारची बुरशीच. पण त्यातली एखादी जात नवीन आहे हे कसे ठरते? सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार पाहतात, ती कोणत्या साखरा आंबवते ते तपासतात, तिचा डीएनए माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहतात. मग नाव व वर्णन प्रसिद्ध करून नमुना संग्रहात जपतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा असा राष्ट्रीय संग्रह आहे. ज्यांचे नाव या संस्थेला दिले आहे, त्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

शंकर आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत आणि सह्याद्रीत हिंडून जीवांचे नमुने गोळा करीत. १९११ च्या सुमारास त्यांना तिथल्या गोड्या पाण्यात चिमुकला जेलीफिश सापडला. त्याचे भाऊबंद तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते! कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे डॉ. नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी नमुने तपासून ही नवी जात असल्याचे ठरवले व तिला लिम्नोक्नायडा इंडिका हे नाव दिले. शोधणारा एक, नाव देणारा दुसरा; पण नमुना जपून ठेवला नसता तर नाव कशाला देणार?

पुढे उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत असताना १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश अमलाखालील प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्धतेत राहावे लागले. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवूनच ते परतले. १९२० पासून कोलकाता विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले.

१९४६ मध्ये ते निवृत्त झाले. वय ६१ पूर्ण, आरामाचे दिवस. पण त्याच वर्षी त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधन संस्था उभारली आणि २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ मध्ये तिच्या प्रयोगशाळांना त्यांचे नाव मिळाले.

मुलांनो, आपल्या जंगलातही अजून नाव न मिळालेले जीव असू शकतात. वेगळे काही दिसले तर तारीख, जागा आणि चित्र वहीत नोंदवून ठेवा व गुरुजींना दाखवा. शोधाची पहिली पायरी तीच!