पंडिता रमाबाई : एका जिवाचा तारणशोध

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस अगदीच अपरिचित असेल असे नाही. इतिहासाच्या पुस्तकांत विधवांच्या कैवारी म्हणून त्यांच्याविषयी दोन-चार ओळी असतात, आणि १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीटही काढले. परंतु त्या ओळी वाचून बाई मोठ्या विदुषी व परोपकारी होत्या, एवढेच ध्यानात राहते. आयुष्यभर त्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत होत्या, हे तेथे येत नाही. मनुष्य पापी आहे आणि त्यास एक दिवस मरावयाचे आहे. तर मरणापूर्वी देवाशी त्याचा समेट कशाने व्हावा, हा तो प्रश्न. तो केवळ पंडितांचा नव्हे. अमडापूरच्या देवीस नवस फेडावयास येणाऱ्या माउलीच्या मनातही तोच असतो. म्हणून रमाबाईंचे चरित्र आम्ही येथे या एका बाजूने सांगत आहो. त्यांच्या इतर कार्यांस ओझरता स्पर्श होईल तेवढाच.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकातील मोठे वैदिक ब्राह्मण. पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनी संस्कृत शिकविले, आणि या अपराधाबद्दल त्यांस पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधार देऊन उत्तर द्यावे लागले. पुढे त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात आश्रम बांधिला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. शास्त्रीबोवांचे दार पाहुण्यांस व यात्रेकरूंस नेहमी उघडे असे. त्या अगत्यापायी होते नव्हते ते सरले व कर्ज झाले. मूल सहा महिन्यांचे असता कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या टोपलीत निजवून ती टोपली नोकराच्या डोक्यावर दिली होती. त्या दिवसापासून या घरास घर असे राहिलेच नाही.

पुढील पंधरा वर्षे क्षेत्रामागून क्षेत्र चालले. देवळात पुराण सांगावे, लोक जे वाहतील त्यातून पोटापुरते ठेवावे व उरलेले ब्राह्मणांस दान करावे, हा क्रम. आई पहाटे उठवून मुलीस पाठ देई. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात भागवताचे सहस्रावधी श्लोक या मुलीस मुखोद्गत होते. स्नाने, उपवास, जप, प्रदक्षिणा, दाने यांत या कुटुंबाने कधी खंड पडू दिला नाही. पुण्याचा संचय होईल तेव्हाच जीव सुटेल, अशी त्यांची निष्ठा होती, आणि निष्ठेची किंमत त्यांनी रोकडी मोजली. अशा माणसांविषयी हलका शब्द काढणारा ख्रिस्ती मनुष्य आपल्या प्रभूस ओळखीत नाही, असे आम्हांस वाटते.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात तिरुपतीच्या परिसरात हे कुटुंब होते. मजुरी करणे शास्त्रीबोवांच्या घरास ठाऊक नव्हते व भीक मागावयास जीभ वळत नव्हती. दागिने गेले, भांडी गेली, उंची वस्त्रे गेली. आणि त्यांतूनही शास्त्रविधीप्रमाणे दान चालूच होते. अखेर सारी रानात शिरली, ती मरावयासच. अकरा दिवस पाणी व झाडपाला यांवर काढले. वृद्ध पित्याची दृष्टी गेली होती. त्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचे ठरविले व एकेकास जवळ घेऊन निरोप घेतला. रमाबाई धाकटी व फार लाडकी. प्रामाणिकपणे जगावे आणि देवाची सेवा करावी, एवढाच उपदेश त्यांनी तिला केला. इतक्यात थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला व जातीचा अभिमान बाजूस ठेवून मी मजुरी करीन म्हणाला, म्हणून तो बेत राहिला. परंतु थोड्याच दिवसांत, १८७४ साली, ज्वराने शास्त्रीबोवांचा अंत झाला. काही महिन्यांनी आईही अन्नावाचून खंगून गेली. तिच्या तिरडीस चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा मुलगा, आणि चौथी जागा सोळा वर्षांच्या मुलीची. ती उंचीने ठेंगणी, म्हणून खांद्याऐवजी तिने आपला भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैल दूर होते.

यानंतर बहीणभाऊ पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी एवढी, की अंगावर पांघरावयास काही नसल्यामुळे दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत निजून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली व रात्र काढली. मरणाची तयारी हा शब्द आपण प्रवचनांत सहज उच्चारतो. या दोघांनी ती अशी, हातांनी वाळू उकरून केली होती. आणि तरी मन तयार नव्हते. व्रते सारी करून झाली होती, देव मात्र अजून दूरच वाटत होता, आणि दोघांचाही जुन्या श्रद्धेवरील विश्वास ढासळत चालला होता.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्राचे अध्ययन करीत असता त्यांना एक गोष्ट आढळली. ग्रंथांचे परस्परांत शेकडो मतभेद असले, तरी स्त्रिया व शूद्र यांस मोक्षाचा सरळ मार्ग नाही, या एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत होते. पुण्य करून करून पुढील एखाद्या जन्मी उच्च वर्णातील पुरुष व्हावे, मग ज्ञान, मग मुक्ती. बाईंच्या मनात हे शल्य कायमचे राहिले. आपली आई कोणत्या आशेने गेली, हा विचार त्यांस तेव्हा छळीत नसेल काय?

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी नामक बंगाली वकिलाशी, जात निराळी असताही, त्यांनी विवाह केला. आसामाकडे सिलचर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक सापडले. ते त्यांनी आवडीने वाचले आणि अ‍ॅलन नावाचे मिशनरी घरी येऊन शास्त्राचा अर्थ सांगू लागले. पतीस मात्र ते रुचले नाही. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची विधवा तान्हे मूल घेऊन पुण्यास आली. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, ही पुण्यातील कामे विद्यार्थ्यांनी अन्यत्र वाचावी.

१८८३ साली वैद्यक शिकावे म्हणून बाई इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. धर्मांतर करावयाचे नाही असा त्यांचा निश्चय होता, आणि वादात त्यांस जिंकणे सोपे नव्हते. त्यांचे मन पालटले ते वादाने नव्हे. या भगिनींनी त्यांना लंडनातील फुलम येथील आपले आश्रम दाखविले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांस तेथे कुलीन स्त्रिया आपल्या हातांनी सांभाळीत होत्या. रमाबाईंनी असे कोठे पाहिले नव्हते. हे तुम्ही का करिता, असे विचारता एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय काढून विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. लोकांनी वर्ज्य केलेल्या स्त्रीजवळ प्रभू पाणी मागतो व तिलाच सार्वकालिक जीवनाच्या पाण्याचे वचन देतो, हे ऐकताच त्यांना आपल्या जुन्या शल्यावर औषध सापडले. नीळकंठशास्त्री गोरे, जे स्वतः काशीचे पंडित असून ख्रिस्ती झाले होते, यांच्या पत्रांनी उरलेल्या शंका फेडिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे पुष्कळ चरित्रकार रमाबाईंच्या शोधास पूर्णविराम देतात. स्वतः बाईंनी तो दिला नाही, आणि आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्यांनी अध्ययन व अध्यापन केले. बहिरेपण वाढू लागल्यामुळे वैद्यकाची आशा सुटली. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे पुस्तक लिहिले, साहाय्य मिळविले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. नाव झाले, काम उभे राहिले. आणि एवढे असून अंतःकरणात शांती नव्हती.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे धर्मोपदेश करीत होते, आणि एके दिवशी उपासनामंदिरात उपदेश करीत असतानाच त्यांच्या ध्यानात आले की आपले स्वतःचे तारण झालेलेच नाही! हे वाचून रमाबाई चपापल्या. ख्रिस्ताचा धर्म आपणांस मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाही, असा त्यांना आपल्या आठ वर्षांचा अर्थ लागला. बाप्तिस्मा, उपासना, सत्कार्य यांची आपण मनात एक वेगळी शिल्लक मांडली होती. वडिलांनी स्नाने-दाने मांडली, आपण या गोष्टी मांडल्या. मग मांडणीत फरक तो काय? त्यांनी हिशेबच सोडिला. आपण पापी आहो, देणे फेडावयास हाती काही नाही, ते येशूने वधस्तंभावर फेडिले आहे, हे त्यांनी लहान मुलासारखे मान्य केले. ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आईबापांचा धर्म वारशाने मिळतो. तारण तसे मिळाल्याचे आम्ही कोठे पाहिलेले नाही.

यापुढे बाईंस मरणाचे भय उरले नाही, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. १८९३ साली शारदासदनातील मुली ख्रिस्ती होतील या धास्तीने पुण्यात मोठा गहजब झाला; न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या आईबापांनी विश्वासाने मुली धाडिल्या होत्या त्यांचे दुःख खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. बाईंनी मात्र आपली श्रद्धा लपविली नाही व कोणास बळेही केले नाही; आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून त्या प्रार्थना करीत.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांना आपले रानातील अकरा दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या व तीनशेच्या सुमारास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याने आमच्या वऱ्हाडासही सोडिले नाही, गुजराथेकडून आणखी शेकडो आणिल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे माळरान विकत घेऊन विहिरी खणल्या होत्या. तेथे मुक्तिसदन वसले व अनाथ, विधवा, आंधळ्या अशा दोन हजारांच्या जवळपास जीवांस आश्रय झाला. (मलकापुरास गाडीत बसून मनमाडवरून दौंडास गेले, की पुढे पुण्याच्या वाटेवर हे केडगाव लागते. अहमदनगराजवळचे केडगाव निराळे. तेथे उतरून कोणी शोधीत बसू नये.) संस्थेच्या नावातच त्यांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेविले होते. जी मुक्ती स्त्रियांस व शूद्रांस कित्येक जन्मांपलीकडे सांगितली होती, ती येथे दळणाऱ्या व विणणाऱ्या पोरींस याच जन्मी, फुकट मिळते असे सांगण्यात येई. सुतकताई, शेती, छापखाना, सर्व स्त्रियाच पाहात. १९०५ साली येथे प्रार्थनेची मोठी जागृती झाली.

आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी एकाच कामास दिली. संपूर्ण पवित्र शास्त्र इब्री व ग्रीक या मूळ भाषांतून खेड्यातील बाईस समजेल अशा मराठीत आणावयाचे. यासाठी उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक यांचा व्यासंग केला. ज्या शब्दांस जुन्या मतांचा वास येतो असे त्यांस वाटे, ते शब्द त्या कटाक्षाने टाळीत. त्यामुळे त्यांची भाषा कित्येक ठिकाणी खडबडीत झाली आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करितो. परंतु ज्या जिभेवर कालिदास खेळत होता, तिने हा खडबडीतपणा दळणाऱ्या बायकांसाठी पत्करिला, हे टीकाकारांनी विसरू नये.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईच्या मागे हे सारे चालवावयाचे ते तिने, अशी योजना होती. वडील, आई, भाऊ, पती यांमागून आता हे एकुलते मूल. बाई थकल्या होत्या, कानांनी ऐकू येत नव्हते. तरी टेबलावरची मुद्रिते त्यांनी बाजूस सारली नाहीत. भाषांतरावरून अखेरचा हात फिरेपर्यंत प्रभूने आपणांस ठेवावे एवढीच त्यांची प्रार्थना होती, असे मुक्तिसदनात सांगतात. तेवढे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, पहाटे, झोपेतच त्यांनी देह ठेविला. वय चौसष्टाला थोडे उणे होते. या वेळी खांद्यांची वाण पडली नाही.

छापखान्यातील मुलींनी खिळे जुळविण्याचे काम पुढे चालविले, आणि १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडले.