संकल्प आणि विवेक : विद्यार्थिनी आनंदीबाई जोशी

संकल्प करणे सोपे असते. त्याची खरी परीक्षा घरापासून दूर, रोजच्या लहान लहान गोष्टींत होते. भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या विद्यार्थिदशेतून हेच शिकायला मिळते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना, बालपण कल्याणमध्ये गेले. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने खूप मोठे आणि स्वभावाने हट्टी होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो अवघे दहा दिवस जगला. पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या स्त्रियांचे किती हाल होतात, हे त्यांनी पाहिले होते. पुत्रवियोगाच्या या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय जन्मला.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांच्याविषयी एका मासिकात वाचले आणि पत्र लिहिले. पत्रांतूनच दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते जुळले. जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील सभेत आनंदीबाईंनी आपला हेतू स्पष्ट केला. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सर्वांसमोर जाहीर केले. एप्रिलमध्ये पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा कार्पेंटर कुटुंबात मायेने गेला.

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे वर्ग सुरू झाले. वय होते अठरा. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही सोय झाली. परंतु मावशी रोझेलला परतल्या आणि आनंदीबाई प्रथमच अगदी एकट्या पडल्या. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन हे सारे विषय नवे आणि इंग्रजीतून. दिवसभर व्याख्याने, त्यानंतर शाकाहार पाळायचा म्हणून स्वतःचा स्वयंपाक स्वतःच करायचा. भाड्याच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. ती पेटवली तर खोली धुराने भरायची, विझवली तर थंडीने हातपाय गारठायचे. धूर की थंडी, एवढीच निवड हाती होती.

आता संकल्पाचा खरा कस लागला. नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहत आणि त्या हवेत ते सोसण्यासारखे नव्हते. काय सोडावे आणि काय धरून ठेवावे? आनंदीबाईंनी खूप विचार केला. साडी सोडली नाही, पण ती गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी नेसायला सुरुवात केली. आहार मात्र बदलला नाही. शिक्षणासाठी पाठवणारे गोपाळरावच पत्रांतून यावर नाराजी दाखवू लागले. त्यांचे कठोर शब्द आनंदीबाईंना फार लागले. तरी त्यांनी आदर न सोडता आपली बाजू लिहून कळवली आणि अभ्यास थांबू दिला नाही.

त्या पराक्रमाची किंमतही सांगितली पाहिजे. थंडी, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी त्यांची मुळातली नाजूक प्रकृती ढासळत गेली. घटसर्पासारख्या आजारातूनही त्या गेल्या. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने घेरलेल्या आनंदीबाई तेथे रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवण्यात आली.

एकाही रुग्णालयाची जबाबदारी हाती घेण्याआधीच ज्यांचे आयुष्य संपले, त्यांचे स्मरण आजही का होते? कारण संकल्पाचा गाभा कोणता आणि टरफल कोणते, हे त्यांनी एकटेपणात ओळखले. नेसण्याची पद्धत हे टरफल होते, दिलेला शब्द आणि सेवेचा हेतू हा गाभा होता. आज अनेक तरुण शिकण्यासाठी घर सोडतात. पहिल्या महिन्यात रडू येते, जेवण जमत नाही, वर्गातले निम्मे कळत नाही. अशा वेळी आपण कशासाठी आलो, हे रोज एकदा स्वतःला विचारावे. त्याबरोबरच तब्येतही सांभाळावी, कारण सेवेचे साधन शरीरच आहे. आणि आपल्या घरातून कोणी दूर शिकायला गेले असेल, तर त्याला पत्राने वा फोनने दोष न देता धीर द्यावा. आनंदीबाईंना तेव्हा त्याचीच सर्वांत जास्त गरज होती.