बाटलीत पेशी जगवणारी पुणेकर

वाघोलीत फार्मसी किंवा बायोटेक करत असाल, तर नॅनोपार्टिकल हा शब्द तुमच्या प्रोजेक्टच्या यादीत एव्हाना येऊन गेलाच असेल. कॅन्सरचं औषध केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान कणात भरायचं आणि थेट गाठीपर्यंत पोचवायचं. ऐकायला भारी! पण गाइड आधी एकच गोष्ट विचारतात, सेल लाइनवर तपासलंय का? म्हणजे ३७ अंशांवर, गुलाबी मिडियममध्ये वाढवलेल्या जिवंत पेशींवर. त्या पेशी शरीराबाहेर जगवायचं तंत्र भारतात कुणी रुजवलं, माहितीये? आपल्या हुजूरपागेतल्या एका मुलीनं.

ही कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. (घरोघरी तेच, नाही का?) कमलनं दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमधून बीएस्सी केली, १९३९मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! कॅन्सरचा त्यात मागमूस नाही. त्यामुळे आपलं स्पेशलायझेशन चुकलं म्हणून कपाळाला हात लावून बसला असाल, तर जरा थांबा.

लग्नानंतर मुंबई आणि टाटा मेमोरियल. तिथे डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९मध्ये पीएचडी झाली. मग फेलोशिपवर अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे. हे तेच गाय, ज्यांच्या लॅबमध्ये १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतल्या पेशी पहिल्यांदा वाढत राहिल्या. हेला सेल्स म्हणून आजही त्या जगभर वापरतात. (त्यासाठी त्या बाईची परवानगी कुणी घेतली नव्हती, हेही लक्षात असू द्या.)

परत येऊन कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला जळगावची केळी आठवतात. इथे मात्र माणसाच्या आणि उंदराच्या पेशी होत्या. आज मिडियमची बाटली ऑर्डर करता येते. तेव्हाच्या लॅबमध्ये गर्भाचा अर्क, रक्तातला सीरम असं सगळं जमवून ते खाद्य हातानं बनवावं लागे. काचेची भांडी नीट धुतली नाहीत, एखादा जंतू शिरला, की आठवड्यांची मेहनत मोरीत. असल्या कामाला ग्लॅमर नसतं, आणि तेच काम त्या करत राहिल्या. उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांत स्तनाचा कॅन्सर काहींनाच का होतो, त्यात आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा काय संबंध, हा त्यांचा मुख्य शोध.

आता इम्युनोथेरपीकडे येऊ. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही जुनी डोकेदुखी. १९५८मध्ये खानोलकर, रणदिवे आणि बापट यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींमधून एक जंतू वाढवल्याचं जाहीर केलं. पुढे तो कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याचा चुलतभाऊ निघाला. तरी वाया गेला नाही! शरीराची प्रतिकारशक्ती जागी करायला तो उपयोगी पडतो, असं दिसलं आणि त्याच्यापासून कुष्ठरोगावरची आयसीआरसी लस तयार झाली.

१९७३मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, १९८२मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जाऊन आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१मध्ये त्या गेल्या. पुढे २०२१च्या ८ नोव्हेंबरला गूगलनं डूडल केलं, तेव्हा कित्येक पुणेकरांना हे नाव पहिल्यांदा कळलं.

त्यांची संस्था टाटा मेमोरियल सेंटरमध्ये सामावली गेली आणि आता खारघरला आहे. २०२३मध्ये मान्यता मिळालेली देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवली. त्यात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढतात, कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि परत देण्याआधी काही दिवस लॅबमध्ये वाढवतात.