वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी : पंडिता रमाबाईंची गोष्ट



मागच्या पालकसभेत एक आई मला म्हणाली की, बाई, मुलाला जवळ घेऊन चार चांगल्या गोष्टी सांगायला वेळच उरत नाही. तिची फर्स्ट शिफ्ट, नवऱ्याची नाईट. पहाटे कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी दमून घरी यायचं. आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात घरोघरी हेच आहे. मला त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. नंतर मूल्यशिक्षणाच्या तासाची तयारी करताना पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचलं आणि वाटलं, उत्तर इथेच आहे. म्हणून आजचा हा पाठ.

पहाटेची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बाईने संस्कृत शिकणं त्या काळी पाप समजलं जाई, तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यासाठी लोकांचा रोष घेतला आणि गंगामूळच्या रानात संसार थाटला.

रमा शिकण्याच्या वयाची झाली तोवर वडील थकले होते. शिकवायचं काम आईकडे आलं. पण आईला दिवसभर वेळ कुठला? स्वयंपाक, पाणी, येणारे-जाणारे, घरात शिकायला राहिलेले विद्यार्थी. मग आईने वेळ शोधला तो उजाडायच्या आधीचा. पाखरं जागी होण्याच्या सुमारास ती झोपाळू लेकीला मांडीवर घेऊन गोडीगुलाबीने जागी करी आणि श्लोक म्हणवून घेई. बारा वर्षांची होईपर्यंत रमाला भागवताचे १८,००० श्लोक पाठ होते असं सांगतात. बघा, त्या घरात फळा नव्हता, वेळापत्रक नव्हतं. दिवसातला एक तास मात्र कुणालाही न देता लेकीसाठी राखलेला होता.

दुःखाची वर्षे

पुढे दुष्काळ पडला. आई, वडील आणि मोठी बहीण थोड्याथोड्या अंतराने गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी हजारो मैल पायी हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. वय अवघं तेवीस आणि कडेवर तान्हं बाळ!

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षण आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. तिथेच त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टाकून दिलेल्या बायकांना जवळ करणारी, त्यांना पुन्हा उभं करणारी सेवा त्यांनी तिथल्या जोगिणींच्या मठात पाहिली होती आणि तिचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आपण प्राथमिक शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं म्हणजे, तिथे त्या फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकल्या.

शारदा सदन आणि एक अवघड प्रश्न

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा आणि निराधार मुलींची ही शाळा पुढच्याच वर्षी पुण्याला आली. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. शाळेत धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असं ठरलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचं दार बंद नसे. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

इथे आपण थांबून विचार करायला हवा. माझ्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं बसतात. लहान मूल आपल्यावर अवलंबून असतं, तेव्हा त्या पालकांची काळजी मला समजते. आपल्याला जे सर्वात मोलाचं वाटतं ते झाकून ठेवणं रमाबाईंना जमेना, हेही समजतं. दोन्ही बाजू मुलांना प्रामाणिकपणे सांगाव्यात असं मला वाटतं. रमाबाईंनी मात्र नंतर आडपडदा ठेवला नाही. केडगावची संस्था त्यांनी उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चालवली.

केडगावची मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः भूक सोसलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून उतरायचं तेच हे केडगाव. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या सुमारे १,९०० वर गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, शिक्षिकांचं प्रशिक्षण, छापखाना, सगळं बायका चालवीत. आधी पोटाला अन्न, अंगावर कपडा, हाताला काम, आणि त्याबरोबर प्रभूची गोष्ट, अशी त्यांची रीत होती.

थोडं थोडं, रोज

आता मुख्य गोष्ट. मराठीत बायबल आधीपासून होतं, पण त्याची भाषा संस्कृत शब्दांनी जड झालेली. खेड्यातून आलेल्या मुलींना ती कळेना. रमाबाईंना जड संस्कृत लिहिणं सहज जमलं असतं. पण आपल्यासमोर बसलेल्या बाईला समजेल असं बायबल हवं, म्हणून त्यांनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि साध्या मराठीत नवं भाषांतर हाती घेतलं.

इतक्या माणसांचं अन्न-पाणी, आजारपण, हिशेब बघणाऱ्या बाईला मोकळा वेळ मिळणार होता का? नाहीच. पण मोकळा वेळ मिळेल तेव्हा करू म्हणून त्या थांबल्या नाहीत. पंधरा वर्षांहून अधिक काळ काम पुढे सरकत राहिलं. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले आणि पानं छापली. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. संस्थेचा भार उचलणारी एकुलती एक लेक गेली, तरी रमाबाईंनी काम सोडलं नाही. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्यांनी डोळे मिटले, असं त्यांची चरित्रं सांगतात. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

यातून आपण काय घ्यावं?

ख्रिस्ती वाचकांना यात श्रद्धा वाटून घेण्याचा एक मार्ग दिसेल : वेळ मिळायची वाट न पाहणं, समोरच्याची गरज आधी बघणं आणि त्याला कळेल अशा भाषेत बोलणं. बाकीच्यांनाही हेच लागू पडतं. आपण मुलांना जे द्यायचं म्हणतो, मग तो देव असो, वाचनाची गोडी असो की खरं बोलण्याची सवय, ते उरलेल्या वेळात दिलं जात नाही. त्यासाठी वेळ आधी राखावा लागतो. त्या पालकसभेतल्या ताईंना मी आता एवढंच सांगेन की, तास नसेल तर बस येण्याआधीची दहा मिनिटं राखा. पण रोज राखा. लक्ष्मीबाईंनीही दिवसाच्या कडेचाच वेळ घेतला होता.

वर्गासाठी उपक्रम

१. नकाशावर गंगामूळ (कर्नाटक), कोलकाता, पुणे, केडगाव दाखवा.
२. पुस्तकातला एक अवघड उतारा मुलांना आजीला समजेल अशा मराठीत सांगायला लावा.
३. आठवडाभर रोज दहा मिनिटं कुणासाठी दिली, ते मुलांनी आणि आपणही वहीत लिहावं.

उपक्रम करून बघा आणि मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.